अँजिओग्राफी फक्त हृदयाची नसते

‘अँजिओग्राफी सांगितली आहे’ एवढे शब्द घरात पडले की सगळ्यांचे डोळे अब्बांच्या छातीकडे वळतात. फोन सुरू होतात, पुण्या-मुंबईचे नातेवाईक निघण्याच्या तयारीला लागतात. आणि मग कुणीतरी सांगते की अब्बांचे हृदय ठणठणीत आहे, डॉक्टरांना त्यांच्या किडनीची रक्तवाहिनी बघायची आहे. तेव्हा घरातले आणखीच गोंधळतात. किडनीची कसली अँजिओग्राफी? या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतून आणि शाळेच्या पालकसभेनंतर दारात थांबून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून हा गोंधळ आमच्यापर्यंत बरेचदा पोहोचला. म्हणून यावेळी हाच विषय घेतला आहे.

अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचे चित्र काढणे. मग ती रक्तवाहिनी हृदयाची असो, मेंदूची, किडनीची, लघवीच्या पिशवीची किंवा पायाच्या अंगठ्याची. साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, पण रक्त दिसत नाही, कारण रक्त आणि आजूबाजूचे मांस एक्स-रेला सारखेच वाटतात. रक्तात आयोडीन असलेले एक द्रावण सोडले, ज्याला दवाखान्यात ‘डाय’ म्हणतात, की जिथून ते वाहते तो सगळा मार्ग चित्रात उठून दिसतो. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढून आम्ही त्यात निळ्या खडूने गोदावरी आणि भीमा भरतो, तोवर मुलांना नद्या दिसत नाहीत. हेही तसेच.

ही कल्पना फार जुनी आहे. रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये एक्स-रे शोधले आणि १८९६ च्या जानेवारीतच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका मृताच्या हातात खडूसारखा लगदा भरून त्याच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढले. जिवंत माणसात असे करायला आणखी तीस वर्षे लागली. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या आणि दोनच वर्षांनी त्याच शहरात रेनाल्दो दुश सांतुश यांनी पाठीतून लांब सुई घालून पोटातल्या महाधमनीत डाय सोडला. हे दुश सांतुश लघवीच्या विकारांचे शल्यचिकित्सक होते. त्यांना किडनीला रक्त कसे पोहोचते ते बघायचे होते. म्हणजे आज ज्या तपासणीला आपण हृदयाचीच समजतो, तिच्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक किडनीसाठी बांधली गेली.

याच १९२९ सालातली दुसरी हकीकत आम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या इस्पितळात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेता येते असे त्याचे म्हणणे होते, आणि वरिष्ठांनी त्याला परवानगी नाकारली होती. त्याने स्वतःच्याच कोपराजवळची शीर उघडली, तिच्यातून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत एक्स-रेच्या खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. ती नळी कोणती होती? किडनीतून लघवी आणणाऱ्या वाहिनीत घालायची नळी! पुढे त्याची खूप अवहेलना झाली. हृदयाचे क्षेत्र सोडून तो लघवीच्या विकारांचा डॉक्टर झाला आणि १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा एका छोट्या गावात तेच काम करत होता.

१९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सोपी युक्ती काढली. आधी बारीक सुई, सुईतून लवचीक तार, सुई काढून टाकायची आणि तारेवरून नळी आत सरकवायची. आज जांघेतून किंवा मनगटातून होणारी प्रत्येक अँजिओग्राफी याच क्रमाने होते. मोठी चिरफाड नाही, टाके नाहीत. मग १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक बाई आली. तिच्या पायाची बोटे काळी पडली होती आणि पाय कापायला ती तयार नव्हती. डॉटर यांनी तारेवरून जाडसर नळ्या सरकवून तिची बंद होत आलेली धमनी रुंद केली. पाय वाचला. ज्या वाटेने चित्र काढायचे, त्याच वाटेने इलाजही करता येतो हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता किडनीकडे येऊ. आपल्या दोन किडन्या मिळून जेमतेम पाव किलोच्या आसपास भरतात, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या घेतात. समजा, एका किडनीची धमनी अरुंद झाली. त्या किडनीला वाटते की शरीरातच रक्त कमी पडले आहे. एखाद्या घराचा नळ तोटीशी गंजून बंद व्हावा आणि त्या घरवाल्याने सगळ्या इमारतीला पाणी नाही असे समजून खालची मोटर चालू करावी, तसे ती किडनी करते. रेनिन नावाचे द्रव्य सोडून ती सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढवते. अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चिमटा लावून हे दाखवून दिले. दाब वाढला की त्रास मात्र मेंदू, डोळे, हृदय आणि दुसऱ्या, चांगल्या किडनीला होतो.

बीपीच्या बहुतेक रुग्णांत असे काही नसते. मीठ, वजन, वय, घराण्याची चाल ही त्यांची कारणे असतात आणि त्यांना या तपासणीची गरज नाही. पण काही खुणा डॉक्टरांना थांबून विचार करायला लावतात. विशीत किंवा तिशीतच बीपी फार वाढणे. तीन-तीन गोळ्या देऊनही ते न उतरणे. एक किडनी दुसरीपेक्षा दीड सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लहान दिसणे. बीपीची एखादी ठरावीक गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन झटकन वर जाणे. दोन हातांच्या बीपीमध्ये मोठा फरक असणे.

हा शेवटचा मुद्दा आम्ही जवळून पाहिला. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे एकोणिसाव्या वर्षी रोज डोके दुखायचे. दोन वर्षे चष्म्याचा नंबर बदलला, डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या, कुणी नजर लागली म्हणाले. एवढ्या काळात कुणी तिचे बीपी मोजले नव्हते. कॉलेजात रक्तदान शिबिर झाले तेव्हा ते मोजले गेले आणि १९० निघाले. डाव्या मनगटाची नाडी तर लागतच नव्हती. पुढे मोठ्या इस्पितळात निदान झाले, ताकायासू आजार. जपानच्या मिकितो ताकायासू नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या पाहून याचे वर्णन प्रथम केले. यात महाधमनीला आणि तिच्या फांद्यांना आतून सूज येते आणि त्या अरुंद होत जातात. आशियात, आपल्या देशातही, तरुण मुलींमध्ये तो जास्त आढळतो.

मुलीच्या अम्मीने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो आजाराबद्दल नव्हता. त्यांनी विचारले, ‘ती नळीची तपासणी केली तर अंगावर खूण राहील का?’ मंगनीची बोलणी चालू होती. बाहेर काही कळू नये म्हणून तपासणी लग्नानंतर करावी असे घरात ठरत होते. आम्हाला त्या माउलीला दोष द्यावासा वाटत नाही. आजारी मुलीचे स्थळ कसे मोडते हे तिने पाहिले होते. पण लपवण्याची किंमत काय, हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. या आजारात बाळंतपण डॉक्टरांशी आधी बोलूनच ठरवावे लागते. बीपीच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्या दिवस राहण्याआधीच बदलाव्या लागतात. सासरी कुणाला माहीत नाही, म्हणून मुलगी गोळ्या चोरून घेते किंवा घेतच नाही, आणि सातव्या महिन्यात झटके येऊन ती दवाखान्यात पोहोचते. तिथल्या डॉक्टरलाही काही माहीत नसते.

खूण म्हणाल तर सुईच्या टोकाएवढी, आणि तीही काही दिवसांत जाते.

आधी काही महिने गोळ्यांनी आतली सूज शांत केली, कारण सूज असताना धमनीला फुगा लावला तर ती पुन्हा आकसण्याची भीती असते. मग जांघेतून नळी घालून डाव्या किडनीच्या धमनीचे चित्र घेतले आणि त्याच बैठकीत बारीक फुगा फुगवून अरुंद जागा मोकळी केली. किडनीच्या धमनीत असा फुगा पहिल्यांदा १९७८ मध्ये झुरिकच्या ग्रुंट्झिग यांनी वापरला होता, ज्यांनी आदल्या वर्षी हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी केली ते हेच. मुलीच्या तीन गोळ्यांची एक झाली. ते स्थळ मात्र गेले. पुढच्या स्थळाला घरच्यांनी पहिल्याच भेटीत फाइल दाखवली.

पण एक बाजू सांगून दुसरी झाकणे बरे नाही. साठी ओलांडलेल्या माणसात किडनीची धमनी अरुंद होते ती बहुधा चरबीच्या थरामुळे. तिथे जाळी बसवली की बीपी बरे होईल आणि किडनी वाचेल, अशी पूर्वी मोठी आशा होती. मग मोठे अभ्यास झाले. ब्रिटनमधून निघालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठशेहून अधिक रुग्ण होते, तर २०१४ च्या अमेरिकेतून चाललेल्या अभ्यासात नऊशेहून अधिक. दोन्हींत निघाले ते हेच की औषधे नीट घेणाऱ्यांपेक्षा जाळी बसवलेल्यांना एकंदरीत अधिक फायदा झाला नाही. काही निवडक रुग्णांना जाळी लागतेच. छातीत अचानक पाणी भरते, किडनी झपाट्याने ढासळते, अशांना. पण वडिलांच्या रिपोर्टात ‘साठ टक्के अरुंद’ असे वाचून लगेच पैसे गोळा करायला धावू नये. ‘औषधांवर ठेवले तर काय होईल?’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

याउलट, जिथे मिनिटामिनिटाला महत्त्व असते अशीही एक जागा आहे. मुतखडा मोठा असला तर पाठीतून भोक पाडून दुर्बिणीने काढतात. क्वचित त्यानंतर चार-आठ दिवसांनी लघवीतून लालभडक रक्त, गाठी जाऊ लागतात. किडनीतल्या एखाद्या बारीक धमनीला इजा होऊन तिथे फुगवटा झालेला असतो. पूर्वी अशा वेळी किडनीच काढावी लागायची. आता अँजिओग्राफीत नेमकी गळणारी फांदी शोधतात आणि तिच्यात धातूची बारीक गुंडाळी सोडून तेवढीच बंद करतात. बाकीची किडनी शाबूत राहते. म्हणून खड्याच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागले तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी देत बसू नये. थेट ऑपरेशन झाले त्या इस्पितळात जावे.

लघवीच्या पिशवीचेही असेच. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या काही स्त्रियांना पुढे कधीतरी पिशवीतून रक्त जाऊ लागते. पिशवी धुऊन, औषध सोडून थांबले नाही तर ओटीपोटातल्या धमन्यांत नळी नेऊन रक्त पुरवणाऱ्या फांद्या बंद करता येतात. मात्र लघवीत रक्त दिसले म्हणजे अँजिओग्राफी असा हिशोब नाही. आधी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर पिशवीची दुर्बीण. प्रोस्टेटच्या गाठीसाठीही धमनी बंद करण्याचा इलाज काही ठिकाणी करतात, तो सगळ्यांना लागू पडत नाही.

डायलिसिसवर असलेल्या घरांसाठी थोडे वेगळे. हातात शीर आणि धमनी जोडून केलेल्या फिस्टुलावर बोट ठेवले की मांजर घुरघुरावे तशी थरथर लागते. रोज फजरच्या नमाजला उठल्यावर ती एकदा चाचपून पाहावी. थरथर मंद झाली, हात सुजला, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबेनासे झाले, तर कुठेतरी शीर आकसली आहे. वेळेत फिस्टुलाची अँजिओग्राफी करून फुगा लावला तर तोच हात पुढे वर्षे चालतो. थरथर पूर्ण बंद पडल्यावर हातात फार थोडा अवधी उरतो. त्या हातात बीपी मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये.

आणि पायाच्या बाबतीत आमचे म्हणणे थोडे कडक आहे. साखरेच्या रुग्णाचे बोट काळे पडले, जखम महिनाभर भरली नाही, चालताना पोटरी धरून थांबावे लागते, तर कापण्याच्या निर्णयाआधी पायाच्या धमन्यांची तपासणी झाली का, हे विचारावे. साध्या डॉप्लरपासून सुरुवात होते. बिडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत पायाच्या बारीक धमन्या बंद होण्याचा एक वेगळाच आजार दिसतो, त्यात फुगा आणि जाळी फारशी कामी येत नाही. तिथे इलाज एकच, तंबाखू पूर्ण बंद. मिसरी, तपकीरसुद्धा.

आता भीतीचा मुद्दा. ‘डायने किडनी खराब होते’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. निरोगी किडनीला तो धोका फार थोडा आहे. किडनी आधीच अधू असेल, साखर असेल, अंगात पाणी कमी असेल तर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढू शकते, आणि बहुतेकांत ते पुन्हा उतरते. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात, सलाइन देतात, डाय कमीत कमी वापरतात. पोटाखालच्या काही तपासण्या डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडूनही होतात. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी किडनी अधू असलेल्यांना ४८ तास बंद ठेवायला सांगतात, पण ते डॉक्टरांनी सांगावे, आपण परस्पर ठरवू नये. गुडघ्यासाठी घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांची नावे मात्र स्वतःहून सांगावीत. त्या किडनीच्या शत्रू आहेत आणि रुग्ण त्यांना औषध समजतच नाही.

कोकणातल्या घरांतून हमखास येणारा प्रश्न असा, की कोळंबी खाल्ली तर अंगावर गांधी उठतात, आयोडीनचा डाय चालेल का? कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनामुळे असते, आयोडीनमुळे नाही. तेवढ्या कारणाने तपासणी टाळत नाहीत. पूर्वी डायनेच त्रास झाला असेल तर ती गोष्ट वेगळी, ती नक्की सांगावी.

रमजानमध्ये तपासणी आली तर? तातडीची नसेल तर ईदनंतरची तारीख मागावी. तातडीची असेल तर त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस अंगात भरपूर पाणी असणे हाच किडनीचा बचाव आहे. आजाऱ्याला रोजा पुढे नेण्याची मुभा आहे, हे आपल्याला मदरशात पहिल्या वर्षीच शिकवलेले असते. तरी आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग नळी काढल्यावर तासाभरात पाणी नाकारत होते. शेवटी त्यांच्या नातवाने मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना फोन लावून दिला.

प्रत्यक्ष तपासणीत रुग्ण जागा असतो. जांघेची किंवा मनगटाची जागा इंजेक्शनने बधिर करतात. डाय सोडताना अंगातून गरम लाट गेल्यासारखे वाटते, काहींना लघवी झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात झालेली नसते. नंतर जांघेतून केले असेल तर चार ते सहा तास पाय न वाकवता पडून राहायचे. त्या जागी सूज वाढली, गरम रक्त जाणवले, पाय गार पडला तर लगेच सिस्टरला हाक मारायची, लाजायचे नाही. पडून राहण्याच्या त्या वेळात नमाज इशाऱ्याने अदा करता येते.

जांघेचे नाव ऐकून कित्येक भगिनी तपासणीच नाकारतात. आदल्या दिवशीच सांगावे, ‘मनगटातून शक्य आहे का? नसेल तर सोबत महिला सिस्टर हवी, अंग झाकलेले हवे.’ सुईसाठी तळहाताएवढी जागा उघडी लागते, बाकी सगळे हिरव्या चादरीखाली असते. मागितले तर बहुतेक ठिकाणी सोय करतात.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आपला इलाज बसतो का, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राला सही करण्याआधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावे. आणि घरी येताना छापील रिपोर्टसोबत तपासणीची सीडी मागून घ्यावी. ती गादीखाली किंवा फ्रिजवर ठेवू नये. निकाहनामा आणि घराचे कागद जिथे ठेवता त्या ट्रंकेत ठेवावी. दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्टातल्या चार ओळींपेक्षा ते चित्र जास्त उपयोगी पडते, आणि ते हाताशी असले तर पुन्हा डाय घ्यावा लागत नाही.